इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा दाखवून 6,499 रुपये उकळले

ठाण्यातल्या एका घरातला पाच वर्षं जुना डेस्कटॉप ऐन मे महिन्यात वीस-पंचवीस मिनिटं चालून फटकन बंद पडायला लागला. घरातल्या आजींनी नेटवर 'कॉम्प्युटर हेल्पलाइन' शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर फिरवला. ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. पलीकडच्या माणसाने ऍनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं ऍप) उतरवून घ्यायला लावलं, त्यावरचा आकडा विचारला आणि आजींना परवानगीचं बटण दाबायला सांगितलं. दोन तासांत 6,499 रुपये गेले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा वीस मिनिटांत बंद!

त्याने दाखवलं काय, तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. त्यात लाल खुणांची रांग होती. "मॅडम, व्हायरसने सिस्टिम पोखरलीय." खुणा खऱ्या होत्या, सांगितलेला अर्थ साफ खोटा. 'कर्नल-पॉवर 41' या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर शटडाउन न होता बंद पडलं. लाइट गेली किंवा कुणी प्लग उपटला तरी हीच नोंद उमटते. '10016' क्रमांकाच्या नोंदींकडे तर खुशाल दुर्लक्ष करा, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. धडधाकट मशीनवरही अशा नोंदी ढिगाने सापडतात.

पुढची थाप अपडेटची. "तुमचं अपडेटचं लायसन्स संपलंय, तीन वर्षांचं भरा." विंडोजच्या नेहमीच्या अपडेट्सना असं लायसन्स नसतंच. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा, तिथे ते फुकट मिळतात. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं आहे, आणि नेमकी हीच बातमी सांगून लोकांना घाबरवलं जातं. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि त्यावरचा उपाय फोनवरच्या अनोळखी माणसाकडे नसतो.

खरा बिघाड कॅबिनेटच्या आत होता. बाजूचा पत्रा काढल्यावर प्रोसेसरवरचा पंखा फिरताना दिसत होता, पण त्याच्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. वारा खाली पोचतच नव्हता. शिवाय कूलरच्या (पंखा आणि हीटसिंक मिळून) चार पिनांपैकी एक सुटून वर आली होती, म्हणजे एका कोपऱ्यात हीटसिंक टेकतच नव्हता. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात. तरीही तापमान चढत राहिलं तर जळू नये म्हणून मशीन स्वतःच वीज तोडतं. त्याचीच ती 41 नंबरची नोंद.

हे घरी तपासता येतं. मशीन बंद पडल्यावर लगेच चालू करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा स्क्रीन) जा आणि प्रोसेसरचं तापमान बघा. काही काम नसताना तिथे 80-85 दिसत असेल तर संशय कूलरवर घ्या. साफसफाईआधी भिंतीवरचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पंख्याचं पातं बोटाने अडवूनच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. व्हॅक्युम क्लीनरची नळी बोर्डाला लावू नका, स्थिर विजेने नाजूक भाग जातात. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही, फक्त बाहेरून हवा मारायची. कूलर काढलाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली खडखडीत वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा. जास्त थापून काही फायदा नाही. पिना तिरप्या समोरासमोरच्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा 'टक' आवाज आला पाहिजे.

कुणाला आधीच ताबा देऊन बसला असाल तर पहिलं काम म्हणजे नेटची केबल काढा किंवा राउटर बंद करा. नुसता फोन ठेवून भागत नाही, कारण हे लोक जाताना ऍनीडेस्कमध्ये आपला पासवर्ड घालून ठेवतात आणि रात्री परत येतात. मग बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मोबाइलवरून, आधी ईमेलचा, मग बँकेचा. ऍनीडेस्क काढून टाका, विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन चालवा आणि त्यानंतरच केबल परत लावा.