बीएस्सीसाठी घरी घेतलेला मायक्रोस्कोप: वर्षभर वापरून लिहितोय

पहिल्यांदा निकाल सांगतो, मग बाकीचं. बीएस्सीला बॉटनी, झुओलॉजी नाहीतर मायक्रोबायोलॉजी असेल आणि घरात सहा-सात हजार बाजूला निघत असतील तर स्वतःचा मायक्रोस्कोप घ्या, क्लासच्या नोट्स आणि गाइडवर घालवता त्यापेक्षा हा पैसा जास्त कामाला येतोय. कॉलेजात मायक्रोस्कोप असतातच की, असं घरचे म्हणतील, माझ्या पण म्हणाले. पण प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर तिघं-चौघं असतात, फोकस एकानं करायचा आणि बाकीच्यांनी डोळा लावून "दिसलं दिसलं" म्हणायचं, तोवर सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. आकृती मग शेजारच्याच्या जर्नलमधून उतरते. वर्ष निघून जातं आणि स्पॉटिंगला, म्हणजे समोर ठेवलेलं ओळखायच्या परीक्षेत, खरी स्लाइड आली की कळत नाही हा झायलेम (पाणी वाहणाऱ्या पेशी) का फ्लोएम (अन्न वाहणाऱ्या).

मी घेतला तो साधा मोनोक्युलर (एका डोळ्यानं बघायचा), अंबाल्यात बनलेला, खाली एलईडी आणि चार्जिंगची बॅटरी, ४एक्स, १०एक्स आणि ४०एक्स अशी तीन ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळच्या लेन्स, एक्स म्हणजे किती पट मोठं), आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) १०एक्स. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका सायंटिफिकच्या दुकानातून साडेसहा हजाराला, स्लाइड आणि कव्हरस्लिपची डबी धरून. मालक भला माणूस, "बाळ, घाई करू नको, आधी लावून बघ" म्हणाले आणि आतल्या टेबलावर कांद्याची पात सोलून स्लाइड करू दिली. ऑनलाइन सात-आठशे रुपये कमी पडले असते, पण ही वस्तू हातात घेऊन फिरवून बघायचीच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे एक्सच्या आकड्याला भुलू नका. ऑनलाइन २००० एक्स, २५०० एक्स असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतंय. मायक्रोस्कोपला किती बारीक दिसणार हे ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमरिकल अपर्चरवर (लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश आत घेते त्याच्या मापावर) ठरतं, तो आकडा ऑब्जेक्टिव्हवरच कोरलेला असतो, ४०एक्सवर बहुतेक ०.६५. ह्यातून साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचे दोन ठिपके वेगळे दिसतात, त्याच्या खाली नाही. कामाचं मॅग्निफिकेशन ह्या आकड्याच्या ५०० ते १००० पट धरतात, म्हणजे ०.६५ ला ३२५ ते ६५०. त्यावर २५एक्सचा आयपीस बसवून ४० गुणिले २५ म्हणजे १००० केलं तर चित्र मोठं होतंय पण नवीन काहीच दिसत नाही, नुसतं धुरकट. १००एक्स ऑइल इमर्शनचं (स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायचं ऑब्जेक्टिव्ह) पण तेच, त्याचा आकडा १.२५, म्हणजे १२५० च्या पुढं सगळा फुगवटा. बॅक्टेरिया बघायचे असतील तर १००एक्स लागणारच, मायक्रोवाल्यांनी घ्या. बॉटनीला पहिली दोन वर्षं ४०एक्स भरपूर झालं.

दुकानात काय बघायचं ते सांगतो. ऑब्जेक्टिव्हवर १६०/०.१७ लिहिलंय का बघा. १६० म्हणजे ट्यूबची लांबी मिलिमीटरमध्ये आणि ०.१७ म्हणजे कव्हरस्लिपची जाडी, हे स्टँडर्ड असलं की पुढं ऑब्जेक्टिव्ह खराब झालं तरी दुसऱ्या कुणाचंही त्या मापाचं बसतंय. खाली कंडेन्सर (प्रकाश स्लाइडवर गोळा करणारी लेन्स) आणि आयरिस डायफ्रॅम (प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारी झडप) पाहिजेच, नुसता भोकांचा डिस्क असलेला घेऊ नका, कारण न रंगवलेली पेशी बघताना आयरिस थोडा बंद केल्याशिवाय कडा उठतच नाहीत. मग १०एक्सवर फोकस करून नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली चकती) ४०एक्सवर फिरवा, फाइन फोकसचा स्क्रू थोडा फिरवला की चित्र यायला पाहिजे आणि मधली वस्तू मधेच राहायला पाहिजे. ज्यात ती बाजूला पळते तो मायक्रोस्कोप परत ठेवा. माझ्याकडच्या पीसची तक्रार एकच, मेकॅनिकल स्टेज (स्लाइड धरून सरकवणारा भाग) पहिल्या सहा महिन्यांतच सैल झाली, स्लाइड आपोआप खाली सरकते. दुकानदारानं स्क्रू आवळून दिला, पैसे घेतले नाहीत, पण परत सैल होतेय. ह्या किमतीत हे चालवून घ्यावं लागतंय.

आता बघायला काय मिळतं. बागेच्या कडेला लावतात ती जांभळ्या पाठीची र्‍होओ, कुणाच्याही दारात असते. तिच्या पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा पाण्याच्या थेंबात ठेवायचा, १०एक्सला जांभळ्या फरश्या बसवल्यासारख्या पेशी दिसतात आणि मधेमधे हिरवे स्टोमाटा (पानाची श्वासाची छिद्रं). मग कव्हरस्लिपच्या एका बाजूनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, दुसऱ्या बाजूनं ब्लॉटिंग पेपरनं ओढून घ्यायचं. बघता बघता जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा व्हायला लागतो, आधी कोपरे सुटतात, मग सगळं. परत साधं पाणी सोडलं की पसरतं. ह्यालाच प्लाझमोलिसिस म्हणतात, त्याची व्याख्या बारावीपासून पाठ होती, ती कशाबद्दल आहे हे त्या दिवशी कळलं, कारण मध्ये कुणी "चल, माझी पाळी" म्हणणारं नव्हतं.

आणि ऊस! आपण कोल्हापूरवाले उसात वाढतोय आणि सी-फोर प्रकाशसंश्लेषण (कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या संयुगात धरायची पद्धत) पुस्तकातल्या मक्याच्या आकृतीवरून शिकतोय. ही पद्धत मांडणारं हॅच आणि स्लॅक यांचं १९६६ चं ऑस्ट्रेलियातलं काम उसाच्या पानांवरचं आहे, त्याच्या आदल्या वर्षी हवाईत कॉर्टशाक आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं तेही उसावरच. शिरोळ, करवीर, कागल कुठनंही पान आणा, धारेनं बोट कापतं तेवढं जपा. पानाचा तुकडा बटाट्याच्या कापात धरून नव्या ब्लेडनं आडवे काप मारायचे, वीस-पंचवीस मारले की त्यातला एखादा खरंच पातळ निघतो. ४०एक्सला प्रत्येक शिरेभोवती मोठमोठ्या पेशींचं गच्च हिरवं कडं दिसतं, बंडल शीथ, त्याच्या बाहेर मेसोफिलचं (पानाच्या आतल्या बाकीच्या हिरव्या पेशींचं) दुसरं. क्रँझ अ‍ॅनाटॉमी म्हणून लिहितो ती हीच. ह्याच पानाचा पापुद्रा काढला तर स्टोमाटाच्या गार्ड पेशी (छिद्राच्या दोन बाजूंच्या) डंबेलसारख्या, र्‍होओच्या राजम्यासारख्या पेशींपेक्षा एकदम वेगळ्या. दोन्ही आकृत्या जर्नलला लावल्या, मॅडमनी विचारलं कुठनं कॉपी केली, मग स्लाइड नेऊन दाखवली.

पेशी विभागताना बघायला कांद्याच्या मुळ्यांचं स्क्वॅश (टोक चेपून केलेली स्लाइड) पण करता येतं, कांदा ग्लासवर बसवून मुळ्या सकाळी कापायच्या, कांद्याची क्रोमोसोम १६. पण त्याला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिटोकारमाइनचा रंग लागतो, ते घरी आणू नका, स्लाइड कॉलेजात करा आणि निवांत घरी बघा. रंकाळ्याच्या कडेचं शेवाळातलं पाणी मात्र कधीही आणा, डायटम (काचेसारख्या कवचाची एकपेशी शैवालं) हमखास मिळतात.

माप घ्यायला मायक्रोमीटर स्लाइड महाग पडते, त्याऐवजी पारदर्शक पट्टी ४एक्सखाली धरा. माझ्याकडं दिसणाऱ्या गोलात साडेचार मिलिमीटर येतात, ऑब्जेक्टिव्ह जितक्या पट मोठं तितका गोल लहान, म्हणजे १०एक्सला १.८ आणि ४०एक्सला ०.४५. व्हायवाला पेशीची लांबी विचारली की अंदाजे का होईना उत्तर स्वतःचं असतंय.

जपायचं म्हटलं तर आपला पावसाळा हाच खरा शत्रू. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात बंद ठेवला तर लेन्सवर जाळीसारखी बुरशी धरते आणि एकदा आत शिरली की निघत नाही. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात निळी सिलिका जेल टाका, गुलाबी झाली की गरम करून परत निळी करा. लेन्स शर्टनं पुसू नका, लेन्स पेपर तीस-चाळीस रुपयांत मिळतोय.

फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर पैसे घालवू नका. आणि बजेट अजिबात नसेल तर आधी १०एक्सची हँड लेन्स घ्या, दोन-तीनशेला येते, फुलं ओळखायला आणि फील्ड ट्रिपला तीच लागते, मायक्रोस्कोप असला तरी सुटत नाही. तिघं मित्र मिळून पैसे घालणार असाल तर वस्तू कुणाच्या घरी राहणार ते आधीच ठरवा, जो हॉस्टेलला नाही त्याच्याकडं ठेवा.

स्टेजसाठी अर्धा स्टार कापून पाचात साडेचार.