अंकशास्त्र आणि टॅरो एकत्र वापरून नऊ महिने झाले, माझा अनुभव

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, पण म्हटलं आधी वहीची एक फेरी पूर्ण होऊ दे मग लिहू. तर मी गेले नऊ महिने दर रविवारी संध्याकाळी टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रपत्त्यांतले, तीन पत्ते काढतेय आणि ते माझ्या जन्मतारखेच्या अंकांशी जोडून वाचतेय, एकूण ३९ आठवड्यांच्या नोंदी आहेत, दोन-तीन आठवडे आजारपणात मागेपुढे झाले तेवढेच. डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, साधा रायडर-वेटच आहे, १९०९ सालचा, पामेला कोलमन स्मिथने चित्रं काढलेला, आणि अंकशास्त्रातलं म्हणाल तर मूलांक (जन्मदिवसाचा अंक), भाग्यांक (पूर्ण जन्मतारखेची एक आकडी बेरीज) आणि चालू वर्षाचा अंक, बास. मी कुणाला पत्ते वाचून देत नाही, फक्त स्वतःसाठी करते, त्यामुळे हे वापरणाऱ्याचं मत समजा, गुरूचं नाही.

आधी सगळ्यात मोठा फायदा सांगते, कारण नवीन लोक इथेच अडकतात. ७८ पत्ते पाठ कसे करायचे? मी दोनदा सुरू करून सोडलं होतं. अंकांकडून गेले तेव्हा एकदम सोपं झालं, कारण मेजर अर्कानाचे, म्हणजे हायरोफंट, सन असे स्वतःचं नाव असलेले मोठे पत्ते, ते २२ बाजूला ठेवले की उरतात ५६, त्यातले १६ राजा-राणी वगैरे, म्हणजे एक्का ते दहा असे चाळीसच राहिले आणि ते चाळीस म्हणजे दहा अंक आणि चार घराणी. एक म्हणजे सुरुवात, दोन म्हणजे जोडी नाहीतर निवड, तीनमध्ये वाढ, चारात थांबणं-स्थिरावणं, पाचात मोडतोड, सहात सावरणं असं करत दहापर्यंत, आणि कप्स म्हणजे भावना, वाँड्स म्हणजे धडपड-उत्साह, स्वोर्ड्स म्हणजे विचार आणि वाद, पेंटॅकल्स म्हणजे पैसा-शरीर-काम. थ्री ऑफ कप्स आलं की भावनेतली वाढ, मग चित्र बघायचं, चित्रात तिघीजणी पेले उंचावून नाचताहेत, झालं. जुन्या मार्सेय डेकच्या अंकपत्त्यांवर तर अशी प्रसंगचित्रं नसतातच, नुसते पेले नि तलवारी मोजून मांडलेल्या, तिथे अंक हाच मोठा आधार. पुस्तकातले अर्थ घोकण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी, दीड महिन्यात मला वही न उघडता वाचता यायला लागलं.

आता जन्मपत्ता. दिवस, महिना आणि वर्ष यांची बेरीज करायची आणि २२ किंवा त्याखाली येईपर्यंत आकडे मिळवत जायचे, जो आकडा येईल तो मेजरमधला तुमचा पत्ता, आणि तो दोन आकडी असेल तर परत मिळवून दुसरा. इथे एक गोंधळ आहे जो मला कुणी सांगितला नव्हता म्हणून मुद्दाम लिहिते. समजा तारीख ७ मार्च १९९०. पूर्ण संख्या मिळवल्या तर ७ + ३ + १९९० = २०००, म्हणजे थेट २, हाय प्रीस्टेस. पण एकेक आकडा सुटा मिळवला तर २९ येतात, त्याचे ११, म्हणजे जस्टिस, आणि मग त्यातून २. भाग्यांक दोन्हीकडे २ च, तो बदलत नाही, पण मधला पत्ता एका पद्धतीत दिसतो आणि दुसरीत गायब. दोन ॲप्सवर दोन वेगळी उत्तरं आली की लोक घाबरतात, तर ते ह्यामुळे. एक पद्धत धरा आणि सोडू नका, मी पहिली धरलीये. तसंच वर्षाच्या अंकाचं, जन्मवर्षाच्या जागी चालू वर्ष टाकायचं, पण तो एक जानेवारीपासून धरायचा की वाढदिवसापासून ह्यावरही दोन तट आहेत, मी वाढदिवसापासून धरते. महिन्याचा अंक, दिवसाचा अंक हेही करून पाहिलं, तीन आठवड्यांत बंद केलं, इतके आकडे झाले की पत्त्याकडे बघायलाच विसरायला व्हायचं.

माझी बेरीज येते १४, म्हणजे टेम्परन्स, आणि त्यातून ५, हायरोफंट. आणि इथून खरी गंमत सुरू झाली जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

आपल्याकडच्या अंकशास्त्रात ५ म्हणजे बुध. बोलका, चपळ, प्रवास, बदल, सगळ्यांशी जमणारा. लहानपणापासून ऐकलंय की पाच वाले नशीबवान. आणि टॅरोत चारही पाच काढून समोर मांडा एकदा. फाइव्ह ऑफ वाँड्स, पाचजण काठ्या घेऊन भांडताहेत. फाइव्ह ऑफ कप्स, काळा झगा घातलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभा. फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स, एक तलवारी गोळा करतोय आणि दोघं हरून चाललेत. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, बर्फातून दोन फाटकी माणसं. म्हणजे एक शास्त्र म्हणतं तुझा अंक शुभ, दुसरं म्हणतं हा अंक आला की काहीतरी मोडणार. पहिले दोन महिने मी हे जुळवायचा प्रयत्न करत होते, कुठूनतरी ओढूनताणून, की नाही नाही खरं म्हणजे दोन्ही एकच सांगतात वगैरे. नाही सांगत. दोन्ही वेगळ्या गावांहून आलेली आहेत. टॅरो पंधराव्या शतकात इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले, भविष्याकडे त्यांचा वापर जोरात वळला तो अठराव्या शतकात, आणि पत्त्यांची ग्रहांशी जी जोडणी आज सर्रास वापरतात ती तर त्याहून नंतरची. त्या जोडणीत मॅजिशियन म्हणजे १ नंबरचा पत्ता बुधाचा, आपल्याकडे १ सूर्याचा. एम्प्रेस ३, ती शुक्राची, आपल्याकडे ३ गुरूचा. हाय प्रीस्टेस २ आणि चंद्र मात्र दोन्हीकडे जुळतं, आणि सन हा पत्ता १९ नंबरचा, त्याचे १०, त्याचे १, तेही छान जुळतं. पण जिथे जुळत नाही तिथे ओढू नये हे मला वहीने शिकवलं, आणि माझ्या मते खरं काम तिथेच होतं, न जुळण्यात.

उदाहरण देते. चौथ्या महिन्यात कामाच्या ठिकाणी माझी जागा राहते की जाते अशी अवस्था होती, रात्र रात्र झोप नाही. त्या रविवारी मधला पत्ता आला फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स. पोटात गोळाच आला. मग नियमाप्रमाणे दोन ओळी लिहिल्या, अंक काय म्हणतो आणि चित्र काय म्हणतं. अंक म्हणतो बुध, म्हणजे बोल, संपर्क कर, हालचाल कर. चित्र म्हणतं थंडी, लाचारी. आणि त्या दोन ओळी शेजारी शेजारी बघताना चित्रातली खिडकी दिसली, रंगीत काचेची, आतून उजेड असलेली, आणि ती दोघं तिच्याखालून चाललीत पण कुणी मान वर करून बघत नाहीये, दार ठोठावत नाहीये. मी तोपर्यंत एकाही माणसाला सांगितलं नव्हतं की माझी नोकरी डळमळतेय. लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या सीनियर मॅडमना फोन केला, त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि दोन ठिकाणी माझं नाव सांगितलं. पुढे जागा राहिली, ती त्या फोनमुळे नाही, वेगळ्याच कारणाने, पण तो फोन मी त्या आठवड्यात केला नसता हे मला नक्की माहितीये. नुसता अंक बघितला असता तर 'पाच आहे, होईल ठीक' म्हणून बसले असते आणि नुसता पत्ता बघितला असता तर रडत बसले असते.

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी लिहीत नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी पाच आला की अंगावर काटा यायचा, माझाच अंक आला, इशारा आहे! ३९ आठवड्यांत ९ वेळा असं झालं. सातव्या महिन्यात दादाला सहज म्हटलं तर तो गणितातला माणूस, त्याने कागद घेतला. पाचाचे पत्ते किती, चार घराण्यांचे चार, हायरोफंट आणि टेम्परन्स, एकूण सहा. ७८ मधून तीन काढले तर सहापैकी एक तरी येण्याची शक्यता जवळपास २२ टक्के, म्हणजे साधारण पाचातून एकदा. ३९ आठवड्यांत आठ-नऊ वेळा तो येणारच होता. आणि काहीजण चारही राजांना १४ धरून त्यांचेही ५ करतात, तसं केलं तर पत्ते दहा होतात आणि शक्यता ३४ टक्के, तीनात एकदा. मला आधी वाईट वाटलं खरं सांगते. दोन रविवार पत्ते काढलेच नाहीत, ते नंतर भरून काढले. पण मग लक्षात आलं की फोनच्या वेळी जे मिळालं ते पाच 'आला' म्हणून नव्हतंच, तो आल्यावर मी जे बघितलं त्यातून होतं. तेव्हापासून काटा येत नाही, आणि वाचन उलट स्वच्छ झालंय. जे कुणी सुरू करणार असाल त्यांनी हा हिशोब पहिल्याच आठवड्यात आपल्या अंकासाठी मांडून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मनापासून सांगते, भीती निम्मी कमी होते.

अंकावरून तारखा काढणं मात्र सपशेल फसलं. एट ऑफ वाँड्स आलं म्हणून आठ दिवसांत निरोप येणार असं धरलं, आला तेविसाव्या दिवशी. चारदा केलं, चारही वेळा चूक. हो-नाही प्रश्नही जमत नाहीत ह्या पद्धतीला. तब्येतीचा प्रश्न मी विचारतच नाही, त्याला डॉक्टर आहेत, तिथे पत्ते मध्ये आणू नयेत.

आणि नावाचं स्पेलिंग. पत्ते वाचून देणाऱ्या एका ऑनलाइन रीडरने मला सांगितलं की नामांक (नावातल्या इंग्रजी अक्षरांच्या अंकांची बेरीज) आणि जन्मपत्ता भांडताहेत, नावात एका आयच्या जागी दोन ई घाला, आणि पुढच्या सेशनचे पैसे मागितले. कुठल्या अक्षराला कुठला अंक, ह्याचे दोन तक्ते वापरतात, मी घरी बसून दोन्हींनी मोजलं. पायथागोरस पद्धतीत आय ९ आणि ई ५, दोन ईंचे १० म्हणजे १, तिथे फरक पडतो. पण ती बाई स्वतः जी खाल्डियन पद्धत वापरत होती तिच्यात आय १ आणि ई ५, दोन ईंचे १०, म्हणजे परत १. शेवटचा अंक तोच! बदलून काहीही बदलत नव्हतं. माझं नाव मराठी आहे, ते रोमन अक्षरांत कसं लिहायचं हे शाळेत नाव घालताना कुणीतरी ठरवलेलं, त्यावर माझं नशीब टांगून ठेवायला माझं मन तयार नाही. नामांक मी पूर्ण सोडला. ज्यांना पटतो त्यांनी ठेवावा पण पैसे देण्याआधी स्वतः बेरीज करून बघा, पाच मिनिटं लागतात.

सध्या माझं वर्ष ७ चालू आहे. सात म्हणजे केतू, आत वळणं, एकटं राहणं, आणि पत्ता आहे चॅरियट, रथ, विजय, घोडदौड! पहिल्या रविवारी हे बघून हसू आलं होतं की ह्याचं करायचं काय. मग चित्र नीट पाहिलं तर रथाला दोन स्फिंक्स, एक काळा एक पांढरा, दोन्ही बसलेले, आणि सारथ्याच्या हातात लगामच नाहीत. रथ चालतच नाहीये. माझं वर्षही तसंच गेलं, बाहेरून काही हललं नाही, पण कुठे जायचंय ते बऱ्यापैकी ठरलं.

पुढच्या महिन्यात वाढदिवस, मग ८ लागेल. आठ म्हणजे शनी, आणि रायडर-वेटमध्ये ८ ला स्ट्रेंग्थ, सिंहाचं तोंड हळुवार धरणारी बाई. पण मार्सेय डेकमध्ये ८ नंबरला जस्टिस आहे, रायडर-वेट डेक आखणाऱ्या वेटने त्यात ८ आणि ११ ची अदलाबदल केलीये, राशींचा क्रम लागावा म्हणून सिंह आधी आणि तूळ नंतर. आणि आपला शनी तर न्यायाचा देवच मानला जातो! म्हणजे आपला आठ जुन्या डेकशी जुळतो, नव्याशी नाही. माझी एक मैत्रीण मूलांक ८ ची, तिला हे सांगितलं तर ती कितीतरी वेळ दोन्ही पत्ते हातात घेऊन बसली होती, तिला आयुष्यभर आठ म्हणजे जड, आठ म्हणजे त्रास एवढंच ऐकवलंय सगळ्यांनी. मी अजून ठरवलं नाहीये कुठला धरायचा. बहुतेक वहीच्या नव्या पानावर डावीकडे दोन्हीची नावं लिहीन, आणि पहिल्या रविवारी जे तीन पत्ते येतील ते त्या दोघींसमोर मांडून बघेन.