हुरडा एक नंबर, पण ज्वारीला मक्याची पाटी! (५ पैकी साडेतीन)

गेल्या रविवारी मंगळवेढा रोडला एका शेतात हुरड्याला जाऊन आलो, नाव टाकत नाही कारण पुढं थोडं वाईटपण लिहिलंय. माणशी ४००, पोरांना निम्मे.

हुरडा खरंच भारी. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली सुरती ज्वारीची कोवळी कणसं, शेतावरच्या मावशी गरम गरमच हातावर चोळतात, फुंकर मारली की कोंडा उडतो अन् ताटात हिरवेगार दाणे, सोबत शेंगा चटणी, दही, गूळ. आमच्या नऊ वर्षांच्या पोरानं विचारलं, हे मटार का? मी हसलो, मावशी नाही हसल्या. त्याला हाताला धरून रानात नेलं. तिथं टप्प्याटप्प्यानं पेरलंय, त्यामुळं एका कणसातला दाणा नखानं दाबला तर पांढरं दूध आलं, दुसऱ्यातला मऊ चिकट, म्हणजे हुरडा, तिसरा टणक, तो भाकरीचा. एका पिकाचा हुरडा आठ-दहा दिवसच मिळतो म्हणल्या.

मग भुईमुगाच्या शेंगांचा विषय निघाला. पोरगं म्हणतंय झाडाला लटकतात, बायको म्हणती मुळाला लागतात, मीपण मुळालाच समजत होतो. सगळेच चुकलो की! पिवळं फूल मातीच्या वरच येतं, मग तिथनं आऱ्या सुटतात, त्या खाली मातीत घुसतात अन् टोकाला शेंग धरते. जन्म गेला शेंगा चटणी खाण्यात, सोलापूरकर म्हणवतो मी, बोला आता. हरभऱ्याच्या पाल्यावर हात फिरवून बोट चाटायला लावलं, आंबट-खारट आंब, पोरं तिथनं हलंनात.

आता तक्रार. सेल्फी पॉइंटला ज्वारी उभी अन् पाटी 'मका'! काउंटरवरच्या पोराला सांगितलं तर म्हणतो, 'सर, फोटोत सारखंच दिसतंय.' मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय अन् त्याच रोडला हे. बारानंतर डीजे सुरू झाला, मावशी काय बोलतात ते ऐकूच येईना. बाथरूम एकच, लाइन बघून परत आलो. अन् ती रानातली फेरी पॅकेजमध्ये नाहीच, मावशी मोकळ्या होत्या म्हणून झाली, आमच्या मागनं आलेल्यांना नुसतं ताट अन् झोका.

जायचं असलं तर दहाच्या आत जा. येताना पाच किलो मालदांडी ज्वारी घेतली, भाव बाजारापेक्षा जरा जास्त, पण भाकरी पांढरीशुभ्र अन् मऊ होतीये.