गंगाजळी मोडायची की सिगारेटवर कर वाढवायचा?

अमेरिकेत गरिबांच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेला कात्री लावायची वेळ आली की राज्यांना पर्यायी पैसा शोधावा लागतो. घाई असते, कारण उपचारांवरच्या खर्चात राज्याच्या एका डॉलरमागे केंद्र साधारणपणे किमान एक डॉलर घालतं. राज्याने हात आखडला की तोही जातो.

राखीव निधी हाताशी असतो. नवा कर नको, मतदारांची नाराजी नको. पण तो एकदाच खर्चता येतो आणि डायलिसिस दरवर्षी लागतं. मंदीचं एखादं वर्ष निभावायला मी हाच मार्ग निवडेन.

तूट कायमची असेल तर मात्र सिगारेटवरचा कर बरा. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ मध्ये पाकिटामागे २ डॉलर वाढ मंजूर केली, कर २.८७ डॉलरवर गेला आणि त्यातला मोठा वाटा मेडि-कॅल या तिथल्या मेडिकेडला मिळाला. गोची अशी, की लोक सिगारेट सोडू लागले की कर आटतो (डॉक्टर खूश, अर्थखातं चिंतेत). शिवाय धूम्रपान गरिबांत जास्त, म्हणजे ज्यांच्यासाठी पैसा उभा करायचा, त्यांच्याच खिशातून तो बराचसा येतो.