भाड्याचा स्क्रीनशॉट आला म्हणजे भाडं आलं असं नाही (वाकडचा अनुभव)

एजंट दर रिन्यूअलला एक महिन्याचं भाडं मागायचा म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला राम राम केला आणि तिन्ही फ्लॅट स्वतःच बघायला लागलो. गूगल शीट बनवली, लाईट बिल, मेंटेनन्स, अ‍ॅग्रीमेंट कधी संपतं सगळ्याचे रिमाइंडर. भाड्याचं असं की भाडेकरूने ५ तारखेला स्क्रीनशॉट टाकायचा, मी शीटमध्ये टिक मारायची. लई भारी सिस्टीम वाटायची मला, मित्रांनापण दाखवायचो.

वाकडचा फ्लॅट आईच्या नावावर, भाडं तिच्या खात्यात, मेसेज तिच्या फोनवर, आणि ती मेसेज वाचत नाही. हे त्या भाडेकरूला माहीत होतं, कारण बोलता बोलता मीच सांगितलेलं. पोरगा एकदम गोड, "दादा पाठवले बघा", कधी ४ तारखेलाच. पाच महिने असंच चाललं.

मग आई पासबुक भरून आली आणि म्हणाली, अरे वाकडचं काहीच दिसत नाही यात. मी म्हटलं प्रिंटर बिघडला असेल. रात्री सगळे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून बघितले तर तारीख वेगळी, पण पाचही ठिकाणी बॅटरी ३७ टक्के आणि खालचा बारा आकडी यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटचा वेगळा असतो तो व्यवहार क्रमांक) तोच. या पाच महिन्यांच्या आधी, पहिल्या महिन्याला केलेल्या खऱ्या पेमेंटचा स्क्रीनशॉट, नुसती तारीख बदललेली.

फोन केला तर "उद्या भेटतो दादा". उद्या फ्लॅट रिकामा, चावी वॉचमनकडे. महिना २१ हजारांनी १ लाख ५ हजार, डिपॉझिट ६० हजार वजा केलं तरी ४५ हजार गेले, वर लाईट बिल. चौकीत पहिला प्रश्न आला, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर आहे का? नशीब, होतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाचीच, नोटरीवर भागवणाऱ्यांनी जरा बघा. अर्ज घेतलाय, पुढे काही हललेलं नाही.

शीट अजून तीच आहे, फक्त स्क्रीनशॉटचा कॉलम उडवला. ५ तारखेला रात्री बँकेचं स्टेटमेंट उघडतो, तिथला यूटीआर टाकतो, मगच टिक. आईच्या खात्याचे मेसेज आणि ईमेल आता माझ्याकडेपण येतात. परवा नवीन भाडेकरूने स्क्रीनशॉट पाठवला तर मी लिहिलं, नका पाठवू, मी बघतो खात्यात. त्यांना जरा लागलं असावं, नुसता अंगठा आला.