जुने मशीन विकताना घसाऱ्याचा हिशेब: एकच विकावे, बदलून घ्यावे की सगळेच काढावे?

भोसरीच्या शेडमध्ये दहा-बारा वर्षे चाललेला सीएनसी लेथ विकायला काढला की मालकाचा पहिला प्रश्न भावाचा असतो आणि दुसरा, बहुधा व्यवहार उरकल्यानंतर विचारलेला, कराचा. वह्यांमध्ये त्या लेथची शिल्लक किंमत अडीच लाख दिसत असते, गिऱ्हाईक सहा लाख देते, आणि साडेतीन लाखांच्या नफ्यावर कर बसणार असे सर्वांनी धरून ठेवलेले असते. प्राप्तिकराचा हिशेब या पद्धतीने होत नाही. करासाठी त्या एका लेथला स्वतःची अशी किंमतच उरलेली नसते, कारण १ एप्रिल १९८८ पासून घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीपोटी उत्पन्नातून दरवर्षी मिळणारी वजावट) एकेका वस्तूवर नव्हे, तर वस्तूंच्या गटावर, म्हणजे ब्लॉकवर, मोजला जातो. म्हणून वह्यांतला साडेतीन लाखांचा नफा करपात्र उत्पन्न काढताना बाजूला काढावा लागतो आणि त्याच्या जागी ब्लॉकचा हिशेब मांडावा लागतो. (पुढील कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत, १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू असलेल्या २०२५ च्या कायद्यात क्रमांक बदलले असले, तरी ब्लॉकची पद्धत तीच ठेवली आहे.)

पर्यायांची तुलना करण्याआधी आपल्या ब्लॉकमध्ये नेमके काय काय आहे हे पाहणे आवश्यक आहे, आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. वर्ग एक आणि घसाऱ्याचा दर एक, तर ब्लॉक एक. सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर १५ टक्के आहे आणि धंद्याच्या नावावरील मोटारगाडीचाही १५ टक्केच आहे. कायदा मोटारगाडीलाही यंत्रसामग्रीतच धरतो. त्यामुळे लेथ, कॉम्प्रेसर, ऑफिसातला एसी आणि फर्मच्या नावावरची गाडी ही सर्व मंडळी एकाच ब्लॉकमध्ये नांदतात. संगणकांचा दर ४० टक्के असल्याने त्यांचा ब्लॉक वेगळा, फर्निचरचा १० टक्क्यांचा वेगळा, आणि कारखान्याच्या इमारतीचा दर १० टक्केच असला, तरी वर्ग निराळा असल्याने तिचाही वेगळा. शेडखालच्या जमिनीवर घसारा मुळीच मिळत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. भागीदारी फर्म आहे. कर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. १५ टक्क्यांच्या ब्लॉकची वर्षारंभीची घटती किंमत (आजवरचा घसारा वजा जाता उरलेली) १८ लाख आहे आणि त्यात तीन मशीन आहेत.

पहिला पर्याय एकच मशीन विकण्याचा. सहा लाख आले, ब्लॉकमधून सहा लाख वजा झाले, १२ लाख उरले. भांडवली नफा शून्य. घसारा मात्र २ लाख ७० हजारांऐवजी १ लाख ८० हजार मिळेल, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे २८ हजारांचा जादा कर. दुसऱ्या वर्षी घसाऱ्यातला फरक ७६,५०० रुपयांचा राहील, आणि पुढे तो असाच कमी होत जाईल. विक्रीच्या रकमेवरील कर इथे माफ होत नाही, तो वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत भरला जातो. ब्लॉकमध्ये पुरेशी शिल्लक असणाऱ्याला यापेक्षा सोपा मार्ग नाही. जुने मशीन भंगारात दिले तरी नियम हाच: भंगाराचे जे येईल तेवढेच ब्लॉकमधून वजा होते आणि बाकीची किंमत घसाऱ्यासाठी जिवंत राहते.

दुसऱ्या परिस्थितीत भाव चांगला आला आणि तीनपैकी दोन मशीन मिळून २२ लाखांना गेली. ब्लॉक १८ लाखांचा. वरचे चार लाख कलम ५० नुसार अल्पमुदतीचा भांडवली नफा ठरतात, मग ती मशीन दहा वर्षे वापरलेली का असेनात. कर १ लाख २४ हजार ८००. शिवाय ब्लॉकची किंमत शून्यावर आल्यामुळे शेडमध्ये उभ्या असलेल्या तिसऱ्या मशीनवर पुढे एक रुपयाही घसारा मिळत नाही, आणि विक्रेत्याला हा दुसरा फटका सहसा वर्षभराने कळतो. त्याच वर्षात त्याच ब्लॉकमध्ये २५ लाखांचे नवे मशीन घेतले, तर चित्र पालटते: १८ अधिक २५ वजा २२, म्हणजे २१ लाख शिल्लक, नफा शून्य आणि घसारा चालू. यासाठी ३१ मार्चपूर्वी मशीन फर्मच्या मालकीचे व्हायला हवे. नुसती आगाऊ रक्कम देऊन भागत नाही.

पूर्ण घसाऱ्यासाठी आणखी एक अट आहे. नवे मशीन त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर दर निम्मा होतो, म्हणजे वरील २१ लाखांवर १५ टक्क्यांऐवजी साडेसात टक्के, १ लाख ५७ हजार ५००. लीप वर्ष नसेल, तर १८० दिवस भरण्यासाठी मशीन ३ ऑक्टोबरपर्यंत चालू व्हावे लागते. आपल्याकडे नवे मशीन दसऱ्याला पूजा करून चालू करण्याचा प्रघात आहे. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आल्याने ते जेमतेम बसले, पण २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला होता आणि त्या मुहूर्तावर सुरू झालेली मशीन निम्म्या दरात गेली. मुहूर्त पाळावा की घसारा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र निम्म्या दराने घसारा कायमचा बुडत नाही, तो पुढच्या वर्षांवर ढकलला जातो.

तिसरा पर्याय सगळेच विकण्याचा, आणि सर्वाधिक विचार इथेच करावा लागतो. समजा तिन्ही मशीन मिळून ११ लाखच आले. ब्लॉकमध्ये काहीच उरले नाही, म्हणून त्या वर्षीचा घसाराही नाही, आणि राहिलेले सात लाख अल्पमुदतीचा भांडवली तोटा होतात. हा धंद्याचा तोटा नव्हे. तो धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो आणि पुढे आठ वर्षे ओढता येतो, तेही विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. त्याउलट शेवटचे, पन्नास हजारांना जाणारे मशीन न विकता कामात ठेवले, तर साडेदहा लाख वजा जाऊन साडेसात लाख ब्लॉकमध्ये राहतात आणि त्यावर दरवर्षी १५ टक्के घसारा धंद्याच्या उत्पन्नातूनच मिळतो. उत्पन्न अपुरे पडल्याने न जिरलेल्या घसाऱ्याला तर आठ वर्षांची मर्यादाही नाही.

दोन्हींची तुलना पैशांत करून पाहावी. त्याच फर्मने त्याच वर्षी, समजा, मुळशीकडचा जुना प्लॉट विकला असेल आणि त्यावर १२.५ टक्के दराने दीर्घमुदतीचा कर येत असेल, तर सात लाखांचा तोटा त्यातून वजा करून ८७,५०० रुपये (अधिक उपकर) लगेच वाचतात. ब्लॉक जिवंत ठेवला, तर साडेसात लाखांवर कालांतराने सव्वादोन लाखांच्या आसपास कर वाचतो, पण निम्मी रक्कम वसूल व्हायलाच चार वर्षांहून अधिक काळ लागतो. धंदा चालू राहणार असेल, तर माझा कौल निःसंशय एक मशीन ठेवण्याच्या बाजूने आहे. धंदा खरोखरच गुंडाळायचा असेल आणि भांडवली नफा समोर असेल, तरच तोटा पदरात घेणे शहाणपणाचे. मात्र ठेवलेले मशीन खरोखर धंद्याच्या वापरात असले पाहिजे; गोण्यांखाली झाकलेल्या मशीनच्या जोरावर घसारा मागितला, तर विभागाकडून प्रश्न येणारच. फर्मच्या नावावर चालती गाडी असेल, तर हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण तीही याच ब्लॉकमध्ये आहे.

मार्चअखेर विकावे की एप्रिलमध्ये, या प्रश्नाचे उत्तरही ब्लॉकच देतो. पहिल्या उदाहरणातील लेथ २ एप्रिलला विकला, तर सरलेल्या वर्षाचा पूर्ण २ लाख ७० हजारांचा घसारा मिळतो. जास्त भावाच्या व्यवहारात एप्रिलचा आणखी एक फायदा असा, की बदली मशीन शोधायला पूर्ण वर्ष हाती राहते. मात्र घसारा न घेता ब्लॉक फुगवून ठेवू, ही युक्ती चालत नाही. तो मागितला नाही तरी दिला गेला असेच धरले जाते. अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून, कलम ४४एडी खाली, विवरणपत्र भरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. सहा-आठ टक्क्यांत सगळे आले असे समजून मशीनची विक्री दाखवायची राहते, पण ब्लॉकवरचा नफा त्या टक्क्यांत येत नाही.

शेडही विकायची असेल, तर इमारत आणि जमीन यांची किंमत करारातच वेगळी दाखवावी. इमारतीचा नफा कलम ५० मुळे अल्पमुदतीचा, तर चोवीस महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या जमिनीचा दीर्घमुदतीचा. रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातील) किंमत करारातील किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर रेडी रेकनरचीच धरली जाते. यात दिलासा एकच, पण मोठा आहे: मुंबई उच्च न्यायालयाने एस बिल्डर्सच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की कलम ५० ची कल्पित अल्पमुदत नफा मोजण्यापुरतीच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये व्ही. एस. डेम्पो प्रकरणात तोच विचार मान्य केला. त्यामुळे बराच काळ बाळगलेल्या इमारतीच्या नफ्यासाठी सहा महिन्यांच्या आत कलम ५४ईसीचे रोखे घेऊन, ५० लाखांच्या मर्यादेत, सूट मागता येते. मशीनच्या नफ्याला ती नाही.

शेवटी जीएसटी, जो सौदा ठरताना विसरला जातो. खरेदीच्या वेळी घेतलेल्या क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीतून) दर तिमाहीस पाच टक्के वजा करून उरलेली रक्कम किंवा विक्री किमतीवरचा कर, यांतले जे जास्त असेल ते भरावे लागते. वीस लाखांच्या मशीनवर ३ लाख ६० हजारांचे क्रेडिट घेतले असेल आणि ते चौदा तिमाहींनंतर पाच लाखांना विकले, तर विक्रीवरचा कर ९० हजार होतो, पण भरायचे १ लाख ८ हजार. वरचे १८ हजार कोणाच्या खिशातून जाणार, हे गिऱ्हाइकाशी भाव ठरवतानाच बोलून घ्यावे. क्रेडिट न घेतलेली गाडी विकताना मात्र प्राप्तिकरातील घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जेवढे जास्त मिळेल तेवढ्यावरच १८ टक्के कर आहे, आणि कमी मिळाले तर काहीच नाही.