ईस्ट बेमधला बेली डान्सचा क्लास: पाच तारे, आणि ते का

ईस्ट बे म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचा पूर्वेचा भाग. तिथल्या फ्रीमॉण्ट, युनियन सिटीतल्या मराठी मैत्रिणी अधूनमधून विचारतात, बेली डान्स शिकायचा तर कुणाकडे? माझं उत्तर ठरलेलं असतं: ओकलंडला, आमच्या बाईंकडे. क्लास त्यांच्या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये चालतो, म्हणून नाव-पत्ता उघड लिहीत नाही. मला निरोप पाठवा, त्यांना विचारून देईन.

आधी रोखठोक माहिती. तासाला 20 डॉलर, दहा तासांचे पैसे आगाऊ, चुकलेला तास बुडाला. गॅरेजला लाकडी जमीन आहे, एका भिंतीला आरसे आहेत, हिवाळ्यात सुरुवातीला पाय गारठतात. गाडी रस्त्यावर, चढावर लावावी लागते. शिमी (अंग भराभर थरथरवणं), कमरेने हवेत आठचा आकडा काढणं, बोटांत झिल्स (छोट्या झांजा) घालून मक्सूम या अरबी ठेक्यावर चालणं, सगळं नीट, गुडघे सांभाळून शिकवतात. पण एवढं नीट शिकवणाऱ्या या भागात आणखीही आहेत. मी बरीच वर्षं इथे टिकून आहे त्याचं कारण वेगळं आहे. नाचणाऱ्या बाईने दुसऱ्या नाचणाऱ्या बाईशी कसं वागावं, हे इथे नाचाइतक्याच गांभीर्याने शिकवलं जातं.

पहिल्याच दिवशी एक पाठपोट छापलेला कागद हातात मिळतो. कार्यक्रमाआधी आणि नंतर कॉश्च्यूमवर पायघोळ काफ्तान घालायचा, प्रेक्षकांत तसंच मिरवायचं नाही. दुसरीचा नाच चालू असताना टेबलावरून झिल्स वाजवायचे नाहीत. विचारल्याशिवाय कुणाचा व्हिडिओ काढायचा नाही, काढलाच तर तिने पाहून हो म्हटल्याशिवाय कुठे टाकायचा नाही. मला तेव्हा वाटलं, शाळेची शिस्त दिसतेय. यातला एकेक नियम कशासाठी आहे ते पुढे प्रसंग पडत गेले तसं कळलं.

बाई सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोरोक्कन रेस्टॉरंटमध्ये शुक्रवारी नाचतात. एकदा त्यांचा घोटा मुरगळला आणि त्यांनी आमच्यातल्या एका अनुभवी मुलीला बदली पाठवलं. मी त्या रात्री तिथे जेवायला होते. मुलगी सुरेख नाचली. एका टेबलावर साठीच्या वाढदिवसाचं कुटुंब होतं. त्यांनी तिला बोलावून विचारलं, "पुढच्या महिन्यात घरी कार्यक्रम आहे, येशील का? तुझं कार्ड दे." तिने पर्समधून कार्ड काढलं ते बाईंचं. म्हणाली, "आज मी त्यांच्या जागी आलेय, त्यांना फोन करा." जेवणारे चकित झाले, मालकाने मात्र मान डोलावली. बाईंनी पुढे ते घरचं काम तिलाच दिलं. द्यायलाच हवं असं नव्हतं, आणि त्या देतील या हिशेबाने मुलीने कार्ड दिलं नव्हतं. बदली म्हणून गेलात तर त्या जागेवरची ओळख जिची जागा आहे तिची, एवढंच तिला पक्कं माहीत होतं.

पैशांच्या बाबतीत तर बाई फारच कडक आहेत. सहा महिने शिकलेल्या मुलीला कुणीतरी म्हणतं, आमच्या हॉटेलात ये, पैसे नाही देणार पण लोक बघतील. मुलीला हुरूप येतो, तो मला समजतो. तिची नोकरी सॉफ्टवेअरमधली, शुक्रवारच्या मानधनावर तिचं काही अडत नाही. पण त्याच हॉटेलात जी बाई त्या पैशांवर भाडं भरते तिला पुढच्या आठवड्यात ऐकावं लागतं, "ती फुकट करते, तू एवढे कसे मागतेस?" एका हॉटेलाला फुकटची सवय लागली की शेजारच्या चारांना लागते. म्हणून इथला नियम असा: जिथे कुणालाच पैसे मिळत नाहीत, म्हणजे आमच्यातला हाफ्ला (नाच-गाण्याची आपसातली मैफल), वृद्धाश्रम, शाळेची मदत, तिथे हवं तेवढं फुकट नाचा. जिथे धंदा चालतो तिथे भागातला चालू दर विचारून घ्या आणि त्याच्या खाली जाऊ नका. नवशिक्या आहात म्हणून कमी घ्यावंसं वाटत असेल, तर अजून धंद्यात उतरायची वेळ आलेली नाही असं समजा.

कोणती हालचाल कुणाकडून आली, हेही दर तासाला कानावर पडतं. जमिला सलिमपूर यांनी 1968 मध्ये उभा केलेला 'बाल अनात' हा बेली डान्सचा संच इथलाच, कॅलिफोर्नियातला. आज आम्ही सहज उच्चारतो त्यातली कितीतरी नावं त्यांनी लावलेली. 'माया' ही कमरेची हालचाल तर त्यांनी एका नर्तकीच्या नावावरून ओळखीला आणली. कॅरोलिना नेरिचिओ यांनी 1987 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या शैलीत इशाऱ्यांवर एकत्र नाचतात. 2020 मध्ये त्यांनी शैलीच्या नावातला 'ट्रायबल' हा शब्द स्वतःहून काढून टाकला. कैरोत महमूद रेडांनी 1959 मध्ये संच काढून गावोगावचे नाच रंगमंचासाठी बसवले. बाई हे सगळं पाय हलता हलता सांगतात. कुणाची कोरिओग्राफी केली तर निवेदनात तिचं नाव घ्यायचं. आणि अरबी गाण्याचा अर्थ समजून घेतल्याशिवाय त्यावर नाचायचं नाही. इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिची काही गाणी भक्तीची आहेत, त्यांवर कंबर हलवणं तिथल्या माणसाला लागतं.

माझ्या आईचं माहेर साताऱ्याकडचं. मी हा क्लास लावला हे कळल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली, "आता तमाशात उभी राहणार का?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे बाईंकडून इजिप्तच्या ग़वाज़ींचा इतिहास ऐकला, 1834 मध्ये तिथला राज्यकर्ता मुहम्मद अली याने या नाचणाऱ्या बायकांना कैरोतून दक्षिणेकडे हाकललं तो. बाईला हाकलायचं आणि तिच्या नाचाची हौस मात्र ठेवायची, हे आपल्याकडे लावणीवाल्या बायकांनीही भोगलंय. मी आईला ते सगळं सांगितलं. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे पैसे अंगावर टाकतात का?" टाकतात, काही ठिकाणी पट्ट्यातही खोचतात. आमच्या कागदावर त्याबद्दल स्पष्ट आहे: नोटा हवेत उधळल्या तर चालतील, अंगाला हात लागला की नाच थांबतो. हे यजमानांना आधीच लिहून कळवतात.

आता ज्या गोष्टीमुळे माझा विश्वास कायमचा बसला ती. आमच्या हाफ्ल्यांना एक दरबुकावाला, म्हणजे अरबी ढोल वाजवणारा, यायचा. हात विलक्षण, ड्रम सोलोला त्याच्यासारखी साथ मिळणं कठीण. त्याने एका नव्या विद्यार्थिनीला पडद्यामागे नको तसं धरलं. तिने घाबरत घाबरत बाईंना सांगितलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. हाफ्ला तोंडावर आला होता, तो वादकाशिवाय, रेकॉर्ड केलेल्या संगीतावर झाला. 'पुरावा काय', 'गैरसमज असेल', 'इतका चांगला वादक' असं म्हणणारे पुष्कळ निघाले, त्यात जुन्या नर्तकीही होत्या. बाईंनी भागातल्या इतर आयोजकांना एकेक करून फोन केले. मुलीचं नाव घेतलं नाही, तिखटमीठ लावलं नाही, तिची परवानगी होती तेवढंच सांगितलं.

पण इथेच माझी तक्रारही आहे, आणि ती मी बाईंना तोंडावर सांगितली आहे. कागदावर एक ओळ आहे: 'समाजातल्या कुणाबद्दल वाईट बोलू नये.' दुसरीच्या नाचाला, वयाला, अंगाला नावं ठेवू नका, हा त्यामागचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण त्या नव्या मुलीने ती ओळ वाचली होती आणि म्हणून ती तीन आठवडे गप्प बसली. सभ्यतेचा नियम त्रास देणाऱ्याच्या कामी येत असेल तर त्याचे शब्द बदलायला हवेत. आता त्याखाली हाताने लिहिलेली एक ओळ आली आहे: त्रास झाला तर लगेच सांगा, आणि बाईंना सांगणं जड वाटत असेल तर या दोघी आहेत, त्यांचे फोन नंबर. छापील प्रतीत ती अजून आलेली नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीने ती मागून घ्यावी.

दुसऱ्या शिक्षिकेकडे वर्कशॉपला गेलं तर बाई रागावत नाहीत, उलट काय शिकलात ते विचारतात. जुन्या पिढीत यावरून विद्यार्थिनींना घालवून दिल्याचे किस्से ऐकलेत, तसं इथे काही नाही.

कुणी जाऊ नये? घरच्या लग्नातल्या 'संगीत' कार्यक्रमासाठी झटपट एक नाच हवा असेल त्यांनी हा क्लास लावू नये. बाई तसं काम वेगळं घेतात, त्याचे पैसे वेगळे, आणि बसवलेला नाच पुढे कुणाला शिकवणार नाही हे सहीनिशी लिहून घेतात. नवीन बॅच जानेवारीत आणि सप्टेंबरमध्ये सुरू होते. झिल्स स्वतःचे लागतात. स्वस्तातले पातळ पत्र्याचे घेऊ नका, त्यांचा आवाज गॅरेजमध्ये कानाला असह्य होतो. बाईंकडे जुने जोड असतात, पहिले काही आठवडे ते वापरायला देतात.